पाण्याखालच्या सेन्सरना बोलण्याची पाळी आधी ठरवून द्या

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२७ मधील सिंहस्थाच्या तयारीची चर्चा सुरू झाल्यापासून एक मागणी वारंवार कानावर येते. गोदावरीच्या आणि गंगापूर धरणाच्या पाण्याची तपासणी अधूनमधून बाटलीत नमुना भरून करण्याऐवजी पाण्यातच सेन्सर सोडून अखंड केली जावी, अशी ती मागणी आहे आणि तिला माझा मनापासून पाठिंबा आहे. मात्र धरणाच्या खोल पाण्यात दहा-वीस सेन्सर सोडले की त्या सर्वांना आपली नोंद काठापर्यंत पोहोचवण्यासाठी एकच मार्ग उरतो. तो मार्ग त्यांनी आपसांत कसा वाटून घ्यायचा हे आधी ठरलेले नसेल, तर महागडी यंत्रे पाण्यात असूनही ऐन गरजेच्या वेळी त्यांच्याकडून काहीच ऐकू येणार नाही. दूरसंचार हा विषय मी अनेक वर्षे शिकवला आहे, त्यामुळे या बाबीकडे महापालिकेचा पाणीपुरवठा विभाग, जलसंपदा विभाग आणि आपले वाचक यांचे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते.

हा मार्ग ध्वनीचा आहे. वायफाय किंवा मोबाइलच्या लहरी हातभर पाण्यातच शोषल्या जातात. प्रकाशाचा झोत स्वच्छ समुद्रात काही अंतर जातो, पण आषाढ-श्रावणात गोदावरीला येणाऱ्या गढूळ पाण्यात तो गाळाच्या कणांवर विखुरतो. ध्वनी मात्र पाण्यात दूरवर जातो. १८२६ साली जिनिव्हा सरोवरात कोलाडों आणि स्टुर्म या दोघांनी पाण्याखाली घंटा वाजवून आणि त्याच क्षणी वर बंदुकीच्या दारूचा जाळ करून तेरा किलोमीटरहून अधिक अंतरावर तो नाद ऐकला आणि त्याचा वेग सेकंदाला १,४३५ मीटर मोजला. थंड पाण्यातला तो आकडा आजच्या मोजमापाशी जवळजवळ जुळतो. आपल्या देशात २००७ पासून काम करणाऱ्या त्सुनामी इशारा यंत्रणेतही समुद्रतळावरचा दाबमापक आपली नोंद ध्वनीनेच वरच्या बोयाकडे, म्हणजे पृष्ठभागावर नांगरलेल्या तरंगत्या यंत्राकडे पाठवतो आणि बोया ती उपग्रहामार्फत हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या केंद्राकडे धाडतो. तिथे तळाशी एक आणि वर एक अशी जोडी असल्यामुळे कोणी कोणाच्या बोलण्यात मध्ये येत नाही. एकाच बोयाला अनेक सेन्सर जोडले की खरी अडचण सुरू होते.

अनेकांनी मिळून एक मार्ग वापरण्याचे शास्त्र मुळात हवेतल्या रेडिओसाठी घडले. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने १९७१ साली ‘अलोहा’ हे जाळे सुरू केले. ज्याला बोलायचे असेल त्याने बोलावे आणि दोघांचे संदेश एकमेकांवर आदळले तर थोडे थांबून पुन्हा बोलावे, एवढाच त्याचा नियम होता. या पद्धतीत मार्गाचा जास्तीत जास्त १८ टक्के वेळच सत्कारणी लागतो, असे गणित सांगते. पुढे वेळेचे ठरावीक तुकडे, म्हणजे स्लॉट पाडून प्रत्येकाने त्यांच्या आरंभीच बोलावे असे बंधन घातले गेले, तेव्हा ही मर्यादा दुप्पट, म्हणजे सुमारे ३७ टक्के झाली. बोलण्याआधी कानोसा घेण्याची पद्धत आली, तेव्हा ती आणखी वर गेली. मात्र या सगळ्या सुधारणांच्या मुळाशी एक गृहीतक आहे, ते असे की एकाने बोलायला सुरुवात केली की इतरांना ते जवळपास त्याच क्षणी कळते. रेडिओ लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते, तर पाण्यातला ध्वनी सेकंदाला साधारण दीड किलोमीटर. दोन लाख पटींच्या या फरकापुढे ते गृहीतक टिकत नाही.

गंगापूर धरणाचेच उदाहरण घेऊ. समजा, भिंतीजवळ एक बोया नांगरलेला आहे आणि तिथून जलाशयाच्या आत जाणाऱ्या सरळ रेषेत ३०० मीटरवर एक जवळचा आणि १,५०० मीटरवर एक लांबचा सेन्सर आहे. तापमान, सामू, विरघळलेला ऑक्सिजन, गढूळपणा आणि वेळ एवढी नोंद ४०० बिटांत सहज मावते. नोंदीचे ध्वनीत रूपांतर करून ती पाठवणाऱ्या यंत्राचा, म्हणजे मोडेमचा वेग सेकंदाला ८०० बिट धरला तर एक संदेश अर्ध्या सेकंदात बोलून होतो. जवळच्या सेन्सरचा ध्वनी बोयापर्यंत ०.२ सेकंदात पोहोचतो, लांबच्याला पूर्ण एक सेकंद लागतो. आता दोघांनी अगदी एकाच ठोक्याला बोलायला सुरुवात केली, तर जवळच्याचा संदेश बोयापाशी ०.२ ते ०.७ आणि लांबच्याचा १.० ते १.५ सेकंद या वेळेत पोहोचेल. एकदम बोलूनही टक्कर झाली नाही! उलट लांबच्याने शून्याला सुरुवात केली आणि जवळच्याने ०.६ सेकंदाला नियमाप्रमाणे कानोसा घेतला, तर त्याला पाणी शांत वाटेल, कारण दोघांमधले १,२०० मीटर कापायला ध्वनीला ०.८ सेकंद लागतात आणि लांबच्याचा आवाज अजून वाटेतच आहे. तो निर्धास्तपणे बोलू लागेल, त्याचा संदेश ०.८ ते १.३ या वेळेत बोयापाशी येईल आणि लांबच्याच्या संदेशावर आदळून दोन्ही निकामी होतील. या साऱ्या प्रकारात लांबच्या सेन्सरचे बोलणे अर्ध्या सेकंदालाच संपलेले असते. आपण कोणाच्या आड आलो हे दोघांपैकी कोणालाही कळत नाही, कारण टक्कर होते ती ऐकणाऱ्यापाशी. स्लॉटची मात्राही इथे लागू पडत नाही, कारण बोलणाऱ्याच्या घड्याळावर पाडलेले तुकडे ऐकणाऱ्याकडे पोहोचेपर्यंत अंतरानुसार वेगवेगळे सरकलेले असतात.

यावर एखादा जाणकार म्हणेल की पाण्याची नोंद पंधरा मिनिटांनी एकदाच पाठवायची आहे, मग दहा सेन्सरचे मिळून पंधरा मिनिटांत फार तर पाच सेकंदांचे बोलणे होईल, त्यात टक्कर कितीशी होणार? हा आक्षेप रास्त आहे आणि शांत दिवसांपुरता खराही आहे. कोरड्या फेब्रुवारीत कोणताही नियम चालून जाईल. पण आपण हे सेन्सर शांत दिवसांसाठी बसवत नाही. पहिल्या जोरदार पावसात काठावरचा गाळ आणि सांडपाणी जलाशयात उतरते, तेव्हा सगळ्याच सेन्सरना एकाच तासात गढूळपणाची मर्यादा ओलांडलेली दिसते आणि सगळेच घाईने बोलू लागतात. प्रत्येकाने दहा सेकंदांनी एकदा नोंद पाठवायची ठरवली, तर दर दहा सेकंदांत पाच सेकंदांचे बोलणे होते, म्हणजे मार्गावर ५० टक्के भार येतो. अलोहाची मर्यादा १८ टक्के आहे. आदळलेला संदेश पुन्हा पाठवायचा असल्यामुळे भार आणखी वाढतो, टक्कर आणखी वाढते आणि ज्या तासासाठी एवढा खर्च केला त्याच तासाची नोंद हाती लागत नाही. शिवाय पाण्यात बोलणे ऊर्जेच्या दृष्टीने महाग असते. ऐकताना मोडेम मिलिवॉटमध्ये वीज खातो, तर बोलताना वॉटमध्ये, आणि तळाशी ऊन पोहोचत नसल्यामुळे बॅटरी बदलायची तर नाव काढून सेन्सर वर ओढावा लागतो. वाया गेलेल्या प्रत्येक संदेशाची किंमत अशी मोजावी लागते.

रेडिओच्या जगात टक्कर टाळण्याचा आणखी एक उपाय आहे. आधी ‘बोलू का’ म्हणून विचारायचे, ‘बोल’ असे उत्तर आल्यावर संदेश पाठवायचा आणि शेवटी पोच घ्यायची. पाण्यात मोठी कागदपत्रे पाठवायची असतील तर हा उपाय ठीक आहे. पण आपल्या लांबच्या सेन्सरला अर्ध्या सेकंदाच्या नोंदीसाठी अशा चार फेऱ्यांत चार सेकंद नुसत्या प्रवासात घालवावे लागतील. प्रत्येकाला स्वतंत्र स्लॉट देऊन त्यात प्रवासाचा कमाल एक सेकंद राखून ठेवला तरी दीड सेकंदाच्या स्लॉटमधला अर्धाच सेकंद कामी येतो आणि दहा सेन्सरच्या फेरीला पंधरा सेकंद लागतात.

माझ्या मते आपल्या जलाशयांसाठी योग्य मार्ग पाळीचाच आहे, फक्त ही पाळी निघण्याच्या वेळेवर ठरवू नये, पोहोचण्याच्या वेळेवर ठरवावी. नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. कालव्याच्या शेजपाळीत काय किंवा बागलाणातल्या फडावर काय, वर दार उघडण्याची वेळ आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतात पाणी पोहोचण्याची वेळ या दोन वेगळ्या असतात आणि टेलच्या माणसाची पाळी पाणी चालत येण्याचा वेळ जमेस धरूनच लावावी लागते. बोयाने नेमके हेच करायचे आहे. कोणाचा ध्वनी किती वेळात पोहोचतो हे त्याला माहीत असेल, तर लांबच्याला आधी आणि जवळच्याला नंतर बोलायला सांगून तो सर्वांचे संदेश आपल्यापाशी एकामागून एक, मध्ये जेमतेम दशांश सेकंदाची फट ठेवून उतरवून घेऊ शकतो. मग दहा सेन्सरची फेरी पंधराऐवजी सहा-सात सेकंदांत होते आणि पावसातली दर दहा सेकंदांची नोंदही तीत आरामात बसते. पाण्याचा संथपणा इथे आड येत नाही, कारण एकाच वेळी दोन संदेश वेगवेगळ्या अंतरांवर पाण्यात असू शकतात. रेडिओत ही सोय जवळपास नाहीच.

यासाठी पाण्याखाली अचूक घड्याळे लागतील, अशी शंका घेतली जाते. साध्या क्वार्ट्झ घड्याळात दहा लाखांत वीस भागांची चूक धरली तर दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो. जीपीएसचा संकेत पाण्याखाली पोहोचत नाही. तेव्हा एकदा घड्याळे लावून सेन्सर तळाशी सोडले आणि महिनाभर त्यांवर विसंबून राहिले, तर पाळी कोलमडणारच. पण तसे करण्याचे कारण नाही. बोयाने दर फेरीला हाक द्यावी आणि प्रत्येक सेन्सरने ती ऐकल्यापासून नेमून दिलेला वेळ मोजून बोलावे. पंधरा मिनिटांत त्याच घड्याळाची चूक १८ मिलिसेकंदांपलीकडे जात नाही. हाकेला येणाऱ्या उत्तराच्या वेळेवरूनच बोयाला प्रत्येकाचे अंतर कळत राहते आणि पुढच्या फेरीचे वेळापत्रक तो त्यावरून दुरुस्त करू शकतो. बोया पृष्ठभागावर असल्यामुळे त्याला सौरपट बसवता येतो आणि तो चोवीस तास ऐकत राहू शकतो. तळाच्या सेन्सरनी मात्र बहुतेक वेळ झोपून ठरावीक अंतराने क्षणभर जागे व्हावे, म्हणजे बोयाला गरज पडली तर फेऱ्या जलद करण्याचा आदेश त्यांना मिळेल.

ज्याला पाळीपर्यंत थांबणे परवडत नाही, अशा इशाऱ्यासाठी दोन फेऱ्यांच्या मधला काळ मोकळा ठेवावा. त्या मोकळ्या वेळात अलोहासारखा साधा नियमही पुरतो, कारण बोलणारे थोडे असतात. अधिक बंदोबस्त हवा असेल तर २००८ साली अमेरिकेत मांडलेली ‘टी-लोही’ ही पद्धत अभ्यासण्याजोगी आहे. तीत बोलू इच्छिणारा आधी एक छोटा सूर काढतो, अंतरांमुळे वेगवेगळे सूर वेगवेगळ्या क्षणी पोहोचतात आणि किती जण रांगेत आहेत हे ऐकणाऱ्याला मोजता येते. ध्वनीच्या मंदपणाचा असा उपयोग करून घेण्याची कल्पना मला फार आवडते.

गंगापूर जलाशयात प्रत्यक्ष काय काय बदलेल, याचाही अंदाज आधीच घ्यावा. पाण्याचे तापमान एका अंशाने वाढले की ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण तीन मीटरने वाढतो. म्हणजे पाच अंशांच्या फरकाने दीड किलोमीटरच्या प्रवासात दहा मिलिसेकंदांचा बदल होईल. वाऱ्याने बोया नांगराभोवती तीस मीटर सरकला तर वीस मिलिसेकंदांचा. दशांश सेकंदाची फट या दोहोंना पुरून उरते, त्यामुळे वेळापत्रकाची मला चिंता वाटत नाही. चिंता आहे ती उन्हाळ्याची. वरचे पाणी तापलेले आणि खालचे थंड असताना ध्वनी थंड थराकडे वाकतो, आणि जानेवारीत स्पष्ट ऐकू येणारा सेन्सर मे महिन्यात बोयाच्या कानाआड जाऊ शकतो. धरणाची पातळीही तोवर बरीच खाली गेलेली असते आणि गाळाने भरलेला तळ व पृष्ठभाग यांमधून प्रतिध्वनी उठतात. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात उच्च स्वराचा ध्वनी विरघळलेल्या क्षारांमुळे लवकर शोषला जातो, पण आपल्या गोड्या पाण्यात तो फार कमी शोषला जातो. हा फायदा आहे आणि अडचणही, कारण प्रतिध्वनी रेंगाळतात आणि एकाच जलाशयात दोन खात्यांनी दोन वेगळी जाळी बसवली तर ती एकमेकांना नक्कीच ऐकू येतील. यांत्रिक नौकांचा गोंगाट त्यात भर घालतोच. माशांबाबत विचारणा होईल म्हणून लिहिते: रोहू, कटला अशा कार्प कुळातील माशांची श्रवणमर्यादा काही हजार हर्ट्झची आहे, त्यामुळे वीस किलोहर्ट्झच्या वरचे मोडेम निवडणे श्रेयस्कर ठरेल.

रामकुंड आणि त्याखालच्या घाटांसाठी मात्र ही सारी खटपट करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे पाणी उथळ, दोन्ही बाजूंना दगडी पायऱ्या आणि काठ हाताच्या अंतरावर. सेन्सरची तार काठावरच्या खांबाला जोडून पुढे मोबाइलने नोंद पाठवणे स्वस्त आणि भरवशाचे आहे. ध्वनीचे जाळे लागते ते गंगापूर, मुकणे, दारणा यांच्या मोठ्या जलाशयांत, जिथे तार टाकली तर ती नावांच्या पंख्यात अडकते किंवा गाळात गाडली जाते.

आणखी एका बाबीवर आधीच निर्णय व्हायला हवा. रेडिओच्या लहरींचे वाटप सरकार परवान्याने करते, पाण्याखालच्या ध्वनीचे वाटप करणारे असे कार्यालय नाही. प्रत्येक उत्पादकाचा मोडेम स्वतःच्या भाषेत बोलतो आणि शेजारच्या कंपनीचा मोडेम त्याला केवळ गोंगाट म्हणून ऐकू येतो. यावर उपाय म्हणून नाटोने २०१७ साली ‘जेनस’ हे मानक स्वीकारले. त्याचा मूळ वेग सेकंदाला ८० बिट आहे, म्हणजे आपल्या ४०० बिटांच्या नोंदीला पाच सेकंद लागतील. रोजच्या कामासाठी तो अपुरा आहे, पण ओळख करून घेणे, आपली पाळी सांगणे आणि मग ठरवून जलद भाषेकडे वळणे यासाठी तो पुरेसा आहे. खरेदीच्या अटींत अशा खुल्या मानकाचा आग्रह धरला, तर उद्या दुसरे खाते किंवा दुसरी संस्था त्याच जलाशयात उतरली तरी दोघांना एकच वेळापत्रक पाळता येईल.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही मला एक सांगायचे आहे. या विषयावरचे अनेक प्रकल्प मी पाहिले. त्यांत प्लास्टिकच्या टाकीत एक मीटरवर दोन ध्वनियंत्रे ठेवून चाचणी घेतलेली असते आणि रेडिओचा प्रोटोकॉल, म्हणजे बोलण्याचा नियम, पाण्यात उत्तम चालल्याचा निष्कर्ष काढलेला असतो. एक मीटर जायला ध्वनीला पाऊण मिलिसेकंदही लागत नाही, त्यामुळे ज्या विलंबाने हा प्रश्न निर्माण होतो तो टाकीत नसतोच. मुलांची जिद्द मोठी असते, त्यांना खरे पाणी मिळायला हवे. १९५९ पासून नाशिकमध्ये असलेल्या ‘मेरी’ या संशोधन संस्थेला जलाशयांतील गाळाच्या सर्वेक्षणाचा अनुभव आहे. तिने आणि जलसंपदा विभागाने मिळून गंगापूर जलाशयाचा एक कोपरा अशा चाचण्यांसाठी खुला केला, तर जिल्ह्यातील महाविद्यालयांना मोठा आधार होईल.

तेव्हा संबंधितांना माझी विनंती अशी की पाण्याखालील सेन्सरची निविदा काढताना सेन्सरची अचूकता आणि मोडेमचा वेग एवढ्यावरच न थांबता, सर्व सेन्सर एकाच वेळी दर दहा सेकंदांनी बोलू लागले असता बोयापाशी किती टक्के नोंदी सुखरूप पोहोचतात, हा आकडा पुरवठादाराकडून लेखी मागावा. त्याची चाचणी कार्यशाळेत न घेता प्रत्यक्ष जलाशयात एकदा मे महिन्यात तापलेल्या, उतरलेल्या पाण्यात आणि एकदा ऑगस्टमध्ये गढूळ, भरलेल्या पाण्यात घ्यावी, आणि दोन्ही चाचण्यांचे निकाल नागरिकांना पाहता येतील असे जाहीर करून मगच शेवटचा हप्ता चुकता करावा.

आपली विश्वासू,
दूरसंचार अभियांत्रिकीची निवृत्त प्राध्यापिका,
गंगापूर रोड, नाशिक